कोजागरीच्या एका प्रश्नाला चार उत्तरं

२८ ऑक्टोबर २०२३, शनिवार. ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरी होती. मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, लहान पोरं पाण्याच्या टाकीभोवती पकडापकडी खेळत होती आणि पारसिकच्या डोंगरामागून चंद्र बराच वर आला होता. त्याच्या शेजारी गुरू ठळक दिसत होता. त्या वर्षी कोजागरीच्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं, १ वाजून ५ मिनिटांनी लागणारं. वेध पाळणाऱ्यांनी दुधाला नाही म्हटलं, काहींनी तुळशीपत्र टाकून घेतलं, आणि कार्यक्रम लवकर आटोपायचा असं आधीच ठरलं होतं.

मी इथल्याच एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. त्यामुळे मुलांची प्रश्नमंजूषा म्हटली की प्रश्न काढायचं काम माझ्याकडे येतं. चांद्रयान-३ उतरून दोन महिने झाले होते, तेव्हा सगळे प्रश्न चंद्रावरचेच काढले. शेवटी चार मुलांचे गुण सारखे झाले. बक्षीस होतं एक दुर्बीण, वर्गणीतून आणलेली. बरोबरी सोडवायला मी राखून ठेवलेला प्रश्न विचारला: चंद्राच्या पृष्ठभागाचं तापमान किती?

चौघांनी कागदावर लिहून दिलं. एकाने १२७ अंश सेल्सिअस. एकीने उणे १७३. सातवीतल्या एका मुलीने ७०. तिच्या वर्गातल्या मुलाने उणे १०.

माझ्या कागदावर १२७ होतं. मी ते वाचून दाखवायच्या आतच ७० लिहिणारी उभी राहिली. "बाई, ७० आपल्या चांद्रयानाने मोजलंय. पेपरात आलं होतं, मी कात्रण वहीत चिकटवलंय." लगेच उणे १० वाला म्हणाला, "त्याच बातमीतल्या आलेखात उणे १० पण आहे." सेक्रेटरीकाका म्हणाले, "बाई सांगतील ते उत्तर. आटपा आता, ग्रहण लागेल." आणि दुधाच्या पातेल्याशेजारी बसलेल्या आजी, ७० वालीच्याच, मला म्हणाल्या, "अगं, चंद्र म्हणजे शीतल. तिथे सव्वाशे अंश कसे असतील? हे बघ ना, अंगावर चांदणं कसं गार लागतंय."

मी कागद घडी करून ठेवला आणि निकाल आठवड्याने देईन म्हणाले. काहींना ते आवडलं नाही. पण माझ्या हातातला आकडा त्या मुलीच्या कात्रणापेक्षा वरचढ कसा, हे मला तिथे उभ्याउभ्या सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नसताना बक्षीस देणं मला पटेना.

प्रश्नात काय राहून गेलं होतं

घरी येऊन चारही उत्तरं तपासली. चारही बरोबर होती. चूक प्रश्नात होती.

आपण म्हणतो, "आज ठाण्यात ३६ होतं." हे ३६ हवेचं असतं, तेही सावलीतल्या. हवामान खात्याची थर्मामीटरं पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेली असतात. त्याच दुपारी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डांबराचं तापमान घेतलं तर ते कितीतरी जास्त निघेल, पण त्याला कोणी ठाण्याचं तापमान म्हणत नाही. हा संकेत आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की प्रश्न विचारताना तो सांगावा लागतो हेच लक्षात येत नाही.

चंद्रावर हवाच नाही. त्यामुळे 'तिथलं तापमान' म्हणजे कशाचं तापमान, हे सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही. मातीचं? मग वरच्या थराचं की बोटभर खालचं? कुठल्या अक्षांशावरचं? सूर्य डोक्यावर असतानाचं की पहाटेचं? मी यातलं काहीही न सांगता एक आकडा मागितला होता.

आता एकेक उत्तर बघू. १२७ हे विषुववृत्ताजवळचं, ऐन दुपारचं, अगदी वरच्या थराचं. उणे १७३ त्याच जागेचं, रात्र सरत आलेली असतानाचं. हे दोन आकडे पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत इतके ठाम छापलेले असतात की कोणी मोजून शेवटच्या अंशापर्यंत नोंदलेत असं वाटतं. पण केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून, मांडून पाहा: ४०० आणि १००. केल्विनमधले हे गोल आकडे सेल्सिअसमध्ये आले की काटेकोर दिसू लागतात. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या 'लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर' यानावर 'डिव्हायनर' नावाचं उपकरण आहे, जमिनीतून निघणारे उष्णतेचे किरण मोजणारं. त्याच्या नोंदींनुसार विषुववृत्तावरची दुपार १२०च्या आसपास असते. म्हणजे १२७ वाल्याचं उत्तर चालेल, पण त्यातला ७ हा हिशोबातून आलेला आहे, मोजून आलेला नाही. मी स्वतः तो कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

७० आणि उणे १० हे तर एकाच खळग्यातले आकडे. विक्रम लँडरवर 'चास्टे' नावाची तापमान मोजणारी सळई होती. ती जमिनीत १० सेंटीमीटरपर्यंत घुसवायची, आणि तिच्यावर दहा तापमापक बसवलेले. २७ ऑगस्ट २०२३ला इस्रोने तिचा पहिला आलेख दिला. वरच्या टोकाला आकडा ५०च्या पुढे, आणि ८ सेंटीमीटर खाली उणे १०च्या आसपास. पृष्ठभागाचं तापमान २० ते ३० असेल असं वाटलं होतं, पण ते ७० निघालं, असं इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा वृत्तसंस्थेला सांगितलं. हे कात्रण मुलीच्या वहीत होतं.

करंगळी उभी खोचली तर जेवढी आत जाईल, साधारण तेवढ्या खोलीत इतका फरक. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते, आणि ती पोरांना हाताने करून बघता यावी म्हणून पुढचा खटाटोप केला.

गच्चीवरची चांद्रमाती

दिवाळीची सुट्टी लागली. चौघं आणि त्यांच्या मागे लागलेली आणखी पाचसहा मुलं, असे आम्ही गच्चीवर जमलो. चंद्राच्या मातीसाठी काय घ्यायचं? ती अतिशय बारीक, कोरडी आणि राखाडी असते. डोळ्यांना चंद्र रुपेरी दिसतो खरा, पण त्याची जमीन अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम १२ टक्के परत पाठवते, म्हणजे ती जवळपास जुन्या डांबरी रस्त्याइतकीच काळपट. दिवाळी असल्याने रांगोळी घरोघरी होती. ती पांढरी, म्हणून इस्त्रीवाल्या भैयांकडून कोळशाची पूड आणून तिच्यात कालवली. राखाडी झाली. थर्माकोलच्या दोन खोक्यांत दहा दहा सेंटीमीटर भरली. मत्स्यटाकीत लावतात तसली वायरवाली डिजिटल थर्मामीटरं चार आणली. एक वर, एक २ सेंटीमीटरवर, एक ५ वर आणि एक ८ वर.

सकाळी दहाला खोकं उन्हात ठेवलं तेव्हा चारही ठिकाणी २८-२९ होतं. पावणेएकला वाचलं: वर ६१, दोन सेंटीमीटरवर ४६, पाचवर ३५, आठवर ३१. उणे १० वाला मुलगा पुन्हा पुन्हा हात घालून बघत होता. वर चटका, खाली गार. "बाई, आत काहीच पोचलं नाही," तो म्हणाला.

पोचलं नाही, कारण भुकटीचे कण एकमेकांना फक्त टोकांशी टेकलेले असतात. उष्णतेला कणातून कणात जायची वाट अगदी अरुंद. आपल्या खोक्यात कणांमधल्या फटींत निदान हवा तरी आहे, ती थोडी उष्णता नेते. चंद्रावर त्या फटींत निर्वात पोकळी. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये असते तशी. म्हणून आमच्या खोक्यात तीस अंशांचा फरक पडला, आणि तिथे त्याच्या दुपटीहून जास्त.

आणखी खाली गेलं की दिवसरात्रीचा फरकच मिटतो. अपोलो १५ (१९७१) आणि अपोलो १७ (१९७२) या मोहिमांत अंतराळवीरांनी जमिनीत भोकं पाडून थर्मामीटरं सोडली होती. साधारण मीटरभर खाली तापमान उणे २०च्या आसपास, आणि वर दुपार असो वा मध्यरात्र, ते जवळजवळ हलत नाही. मधल्या अपोलो १६मध्येही हाच प्रयोग होता. पण जॉन यंग यांचा पाय केबलमध्ये अडकला, केबल तुटली आणि प्रयोग तिथेच संपला. फुगलेल्या अंतराळपोशाखात स्वतःची पावलं दिसत नाहीत. हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी आमच्या थर्मामीटरच्या वायरी लगेच विटांखाली दाबल्या.

प्रयोगात एक गोष्ट आम्ही ठरवली नव्हती, आपोआप झाली. साडेबाराच्या सुमारास खाडीवरून वारा सुटला. वरचा आकडा ६१वरून बघता बघता ५५वर आला. वारा पडला, पुन्हा चढला. मुलं त्याच्याकडे अडचण म्हणून बघत होती, मी मात्र खूश झाले. 'चंद्रावर हवा नाही' हे वाक्य ती दुसरीपासून ऐकत आलेली, पण हवा नसली तर नक्की काय होतं ते त्या सहा अंशांत दिसलं. आपल्याकडे तापलेल्या जमिनीची उष्णता वारा उचलून नेतो, पाणी वाफ होताना घेऊन जातं, आणि रात्री हवेचं पांघरूण जमिनीची उष्णता थोपवून धरतं. तिथे यातलं काहीच नाही. आलेलं ऊन जमिनीने घ्यायचं आणि किरणांच्या रूपानेच परत द्यायचं, दुसरी वाट नाही.

मग पोरांचा पुढचा प्रश्न आलाच: हवा गेली कुठे?

इथे चंद्राची साधी मापं कामाला येतात. एरवी ती नुसती पाठ करायची यादी असते. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या ३,२१४ किलोमीटर लांबीपेक्षा थोडा जास्त. वस्तुमान पृथ्वीच्या एक्क्याऐंशीव्या हिश्शाएवढं. घनताही कमी, दर घनसेंटीमीटरला ३.३४ ग्रॅम, आपली ५.५१. त्यामुळे पृष्ठभागावर ओढ आपल्या एक षष्ठांशच. तिथून कायमचं सुटून जायला सेकंदाला २.३८ किलोमीटर वेग पुरतो, पृथ्वीवरून ११.२ लागतो. आता सव्वाशे अंशांच्या दुपारी हलक्या वायूंचे रेणू भराभर धावतात, त्यातले सर्वांत चपळ निसटत राहतात, उरलेल्यांना सूर्याकडून येणारा कणांचा झोत वाहून नेतो. अब्जावधी वर्षांत काही शिल्लक राहत नाही. ओढ कमी म्हणून हवा टिकली नाही, आणि हवा टिकली नाही म्हणून तापमान असं दोन टोकांना जातं.

त्यात दिवस लांबलचक. एका दुपारपासून पुढच्या दुपारपर्यंत २९.५३ पृथ्वीदिवस. म्हणजे सलग पावणेपंधरा दिवस ऊन, मग तेवढीच रात्र. विक्रम आणि प्रज्ञान एका चांद्रदिवसासाठीच बनवलेले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना निद्रावस्थेत घातलं, २२ सप्टेंबरच्या आसपास तिथे पुन्हा उजाडलं, पण त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. कोजागरीच्या रात्री ही आठवण काढून आमच्याकडची एक पहिलीतली मुलगी रडली होती.

आजींचा मुद्दा

आजींना मी टाळू शकले असते. पण त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या अंगाने अनुभवलेलं होतं, आणि अनुभवाला पुस्तकाने गप्प करायचं नसतं. चांदणं खरंच गार लागतं. का?

पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या साधारण चार लाखाव्या हिश्शाएवढा. त्याने ऊब येणं शक्यच नाही, हे झालं अर्धं उत्तर. पण नुसती ऊब न येणं वेगळं आणि गार लागणं वेगळं. गारवा येतो निरभ्र आकाशामुळे. अश्विनात ढग सरतात, आणि रात्री जमीन, गच्ची, आपलं अंग, सगळं आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडत असतं. चांदण्यात बसणं म्हणजे मोकळ्या आकाशाखाली बसणं. छपराखाली चांदणंही नसतं आणि हा गारवाही नसतो, म्हणून दोन्हींची सांगड बसली.

हे तपासता येतं. दोन लोखंडी तवे घेतले, एक उघड्यावर, एक उघडलेल्या छत्रीखाली. अमावास्येच्या आदल्या रात्री, म्हणजे चंद्र नसतानाच, दोन तासांनी उघड्यावरचा तवा छत्रीखालच्यापेक्षा जवळजवळ दोन अंश गार होता. त्रिपुरी पौर्णिमेला पुन्हा केलं. भर चांदण्यात फरक तेवढाच. आजी स्वतः तव्यांना हात लावून गेल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे गार आकाश करतं आणि नाव चंद्राचं होतं."

पण मला त्यांना पुढचंही सांगायचं होतं, कारण ते मला स्वतःला फार आवडतं. पौर्णिमा म्हणजे सूर्य, पृथ्वी, चंद्र जवळजवळ एका रेषेत, आपण मध्ये. आपल्याला दिसणाऱ्या तबकडीच्या मध्यावर तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे कोजागरीला आपण दुधात ज्याचं प्रतिबिंब बघतो, त्या चंद्राच्या मध्यभागी त्याच क्षणी भर दुपार असते. महिन्यातली सर्वांत तापलेली वेळ, १२० अंशांच्या आसपास. आणि तबकडीच्या कडेकडेला, जिथे सूर्य क्षितिजाला टेकलेला, तिथे तापमान उतरत गेलेलं.

इन्फ्रारेड गन

एका मुलाचे वडील रबाळ्याच्या एमआयडीसीत देखभालीचं काम करतात. त्यांनी दोन दिवसांसाठी इन्फ्रारेड गन आणून दिली, लांबून रोखली की तापमान सांगणारी. मुलांनी अख्खी गच्ची मोजून काढली. चायना मोझॅक ४४, टाकीजवळची डांबरी शीट ६३, आणि टाकीचं चकचकीत स्टीलचं झाकण २९. झाकणाला हात लावला तर चटका बसला. गन वस्तूतून येणारे किरण मोजते, आणि चकचकीत स्टील स्वतःचे किरण फारच कमी सोडतं, वरच्या आकाशाचेच परत फेकतं. झाकणावर काळी चिकटपट्टी लावली, आकडा ५२. यानांवरची उपकरणं चंद्राचं तापमान लांबून घेतात ती याच तत्त्वावर, आणि म्हणून जमीन किरण कसे सोडते हे त्यांना आधी माहीत असावं लागतं.

त्या रात्री १२७ वाल्याने गन चंद्रावर रोखली. "उणे ४!" आरडाओरडा झाला. चंद्राचं पाचवं उत्तर. मी काही बोलणार तेवढ्यात ७० वाली म्हणाली, "चंद्र सोडून बाजूला धर." बाजूला धरली. उणे ४.

गनवर १२:१ असं छापलेलं होतं. म्हणजे बारा मीटरवर ती एक मीटर रुंदीच्या वर्तुळाची सरासरी घेते. कोनात सांगायचं तर जवळपास पाच अंश, आणि चंद्र आपल्याला दिसतो अर्ध्या अंशाचा. गनच्या नजरेत चंद्राचा वाटा नव्वदाव्या हिश्शाएवढा, बाकी सगळं आकाश. ही अडचण जुनीच आहे. आयर्लंडमध्ये चौथे लॉर्ड रॉस यांनी १८६८नंतरच्या काही वर्षांत तीन फुटी आरशाच्या दुर्बिणीने चंद्राचा प्रकाश गोळा केला, तेव्हा कुठे त्याची उष्णता विजेच्या सूक्ष्म प्रवाहाच्या रूपात मोजता आली. पुढे १९२७च्या चंद्रग्रहणात अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत पेटिट आणि निकोल्सन यांनी पाहिलं की पृथ्वीची सावली पडल्यावर काही तासांत चंद्राची जमीन शंभराहून जास्त अंशांनी गार होते. सलग खडक असता तर आत साठवलेली उष्णता वर येत राहिली असती, इतक्या लवकर गार झाला नसता. १९४८मध्ये खगोलशास्त्रज्ञ वेसेलिंक यांनी गणित मांडून दाखवलं की हे बारीक भुकटीचंच लक्षण. तिथे कोणी पाऊल ठेवायच्या वीस वर्षं आधी माती कशी आहे ते कळलं होतं, तेही नुसती गार होण्याची घाई मोजून. कोजागरीच्या रात्री पावणेदोनला चंद्राच्या दक्षिण कडेला चावा घेतल्यासारखा काळा तुकडा दिसला होता. तेवढ्या तुकड्यावर त्या वेळी हेच चाललेलं होतं.

७० चं कोडं

एक गोष्ट तरी उरलीच होती. २० ते ३०ची अपेक्षा असताना ७० का?

अपेक्षा कुठून आली ते दहावीच्या मुलांना घेऊन करून पाहिलं. उताराचा किंवा अक्षांशाचा हिशोब म्हणजे शेवटी सावलीचा हिशोब. सूर्य डोक्यावर असला तर ऊन एकवटतं, तिरपा असला तर तेच ऊन जास्त जमिनीवर पसरतं. विक्रम उतरला ६९.३७ अंश दक्षिणेला. तिथे दुपारीही सूर्य क्षितिजापासून वीसएक अंशच वर येतो, आणि प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला विषुववृत्ताच्या ३५ टक्के ऊन. तापमान मात्र तितक्या प्रमाणात पडत नाही. किरणांनी बाहेर टाकलेली उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून उलट जाताना चौथं मूळ घ्यावं लागतं. ०.३५चं चौथं मूळ ०.७७. विषुववृत्तावरचे ३९२ केल्विन गुणिले ०.७७, म्हणजे ३०२ केल्विन. २९ अंश सेल्सिअस! फळ्यावर हे आलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

गच्चीवर सकाळी आम्ही तसंच तिरपं ऊन धरलं. १० सेंटीमीटरच्या पेन्सिलची सावली २७ सेंटीमीटर झाली की सूर्य वीस अंशांवर. एक खोकं सपाट ठेवलं, दुसरं पाटाखाली वही सारून सहा अंश सूर्याकडे कललेलं. कललेल्यावर दोन अंश जास्त निघाले. हा सहाचा आकडा आम्ही तेव्हा सहज घेतला होता, एक वही मावली म्हणून.

मार्च २०२५मध्ये चास्टेचे सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सळई जिथे घुसली ती जमीन सूर्याकडे साधारण सहा अंश कललेली होती. तिथलं कमाल तापमान ८२ अंश निघालं. जेमतेम मीटरभर अंतरावरच्या सपाट जागेचं सुमारे ५९. आणि रात्री उणे १६८ पर्यंत. मी ते वाचलं आणि वहीवर टेकलेला तो पाट आठवला. आमच्या साध्या चौथ्या मुळाच्या गणितात हा सगळा फरक बसत नाही. खरी जमीन खडबडीत असते, खडे-खळगे एकमेकांवर उष्णता टाकतात, तो हिशोब मोठा आहे. पण विषुववृत्तापासून दूर गेलं की एवढासा उतारही भारी पडतो, हे कळायला ते गणित पुरतं. याची दुसरी बाजूही त्या अभ्यासात आहे: ध्रुवाकडे तोंड करून १४ अंशांपेक्षा जास्त उतरणाऱ्या जागा इतक्या गार असू शकतात की तिथे थोड्याच खोलीवर बर्फ टिकावं. चंद्राचा आस फक्त दीड अंश कललेला, त्यामुळे ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी तर ऊन कधीच पोचत नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या हर्माइट विवरात डिव्हायनरने उणे २४७ नोंदवलं आहे.

हे आकडे नुसत्या कुतूहलाचे नाहीत. चांद्रयान-१ ऑक्टोबर २००८मध्ये गेलं, आणि नोव्हेंबरातच, तापलेल्या चंद्रावर अवघ्या १०० किलोमीटर उंचीवर फिरताना, यानाचं तापमान ५० अंशांपर्यंत चढलं. उपकरणं पाळीपाळीने चालवावी लागली. दोन वर्षांची मोहीम ऑगस्ट २००९मध्ये संपर्क तुटून संपली. तोवर चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा त्याने मिळवला होता, ही मोठी कमाई.

पुढे

दुर्बीण चौघांची झाली. सेक्रेटरीकाकांच्या घरी ठेवतात, पाळीने नेतात. मी त्या प्रश्नाची फोड शाळेतही बदलली. 'चंद्राचं तापमान किती' असं आता विचारत नाही. जागा, वेळ आणि खोली देते आणि चार आकड्यांतला कुठला बसेल ते कारणासकट विचारते. तपासायला वेळ जास्त लागतो. पाठांतर चांगलं असलेल्या मुलांचे यात गुण जातात आणि पालक विचारायला येतात, त्यांना मी रांगोळीचं खोकं दाखवते.

ते खोकं आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. एक गोष्ट मात्र करून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आपल्या खाडीकाठच्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, रांगोळी ओल धरते, बोटांनी दाबली तर गोळा होतो. ओली भुकटी उष्णता भराभर खाली नेते आणि आठ सेंटीमीटरवरचा आकडा भलताच चढा येतो. म्हणून कोळसा कालवण्याआधी ती लोखंडी कढईत मंद आचेवर वीसएक मिनिटं कोरडी भाजून घ्यायची, आणि गार झाल्यावर लगेच भरायची.